चोर्ल्याने उतरलो, आंबोलीने चढलो : म्हाताऱ्या पावसातले आम्हा दोघांचे पाच दिवस

मलप्रभाकाठ (धागालेखिका)

आमच्या घरात पावसाचे माप राकसकोपवर ठरते. जुलै उजाडला की सकाळच्या वर्तमानपत्रात आधी राकसकोप जलाशयाची पातळी पाहायची आणि जलाशय भरल्याची बातमी आली की वर्षभराच्या नळाची चिंता मिटली, असे म्हणून पान उलटायचे. बेळगाव शहरात राहणाऱ्या आमच्यासारख्यांचा पावसाशी एवढाच व्यवहार उरला आहे. ज्या डोंगरांवर तो कोसळतो ते डोंगर घरापासून तासा-दीड तासाच्या वाटेवर आहेत, पण आम्ही तिकडून गेलो ते लग्नकार्याला किंवा गोव्याच्या पाहुण्यांकडे, आणि तेही घाट कधी एकदा संपतो याची वाट पाहत.

माझे यजमान मराठी माध्यमाच्या हायस्कुलात तीस वर्षे भूगोल शिकवून यंदा मे महिन्यात निवृत्त झाले. सासूबाईंचे दुखणे, मुलांच्या दहावी-बारावी, शाळेचे वेळापत्रक, या सगळ्यांत आम्ही दोघेच असे कुठे गेलो नव्हतो. मुलीने केरळ सुचवले, मुलाने उटी. यजमान म्हणाले, "जलविभाजकाची रेघ मी तीस वर्षे फळ्यावर काढली. ती आपल्याच जिल्ह्यातून जाते. एकदा तिच्यावर उभे राहून पाहू." ही रेघ म्हणजे पावसाचे पाणी दोन समुद्रांकडे वाटून देणारा डोंगरमाथा; आमचा मार्ग त्यांच्या त्या वाक्यावरूनच ठरला. बेळगावहून जांबोटी, कणकुंबी करून चोर्ला घाटाने गोव्यात उतरायचे, पणजीला मांडवीचे मुख पाहायचे, किनाऱ्याने शिरोडा-वेंगुर्ल्याला जायचे आणि सावंतवाडीवरून आंबोली घाट चढून चंदगडच्या बाजूने घरी यायचे. एका घाटाने खाली आणि दुसऱ्याने वर, चार रात्री मुक्काम, गाडी स्वतःची.

वेळ आम्ही मुद्दाम पुष्य नक्षत्राची निवडली. आपल्याकडे पुनर्वसूच्या पावसाला तरणा आणि पुष्याच्या पावसाला म्हातारा म्हणतात. तरणा अंगावर धावून येतो आणि म्हातारा बसला की उठत नाही. वीस जुलैपासून ऑगस्टच्या पहिल्या दोन-तीन दिवसांपर्यंतचा हा पाऊस संथ, अखंड असतो आणि ओढे, झरे, शेते सगळे तुडुंब असते. सप्टेंबरमध्ये जाणे सोयीचे असते हे मान्य आहे, पण आम्हाला हिरवळीपेक्षा पाणी पाहायचे होते.

पिरनवाडीला खानापूरचा रस्ता सोडून आत वळलो तेव्हा भुरभुर होती. किणये ओलांडले आणि काचेवरचा पुसणी-दांडा जोरात चालू करावा लागला. शेतांतून रोप लावणीची घाई होती. कंबरेत वाकलेल्या बायकांच्या पाठीवर प्लॅस्टिकच्या खोळी होत्या. दोन ठिकाणी अजून बांबूची, पानांनी शाकारलेली इरलीही दिसली. कुसमळीला मलप्रभा लाल, जाड, दोन्ही काठ भरून वाहत होती. हीच नदी पुढे खानापूरला घाटाच्या पायऱ्या बुडवते, सौंदत्तीजवळ धरणात अडते, पट्टदकल आणि ऐहोळेच्या देवळांजवळून जाते आणि सुमारे 304 किलोमीटर चालून कूडलसंगमला कृष्णेला मिळते. तिचा उगम पाहायला आम्ही निघालो होतो.

कणकुंबीला माउलीचे देऊळ आहे. मलप्रभेचा उगम तिथला. उंची आठशे मीटरला थोडी कमी. देवळात त्या वेळी आम्ही दोघे आणि एक गुरव, बाकी फक्त कौलांवरून पडणाऱ्या पागोळ्यांचा आवाज. मी ओटी भरली, यजमान तीर्थाच्या पाण्याजवळ बराच वेळ उभे राहिले. त्यांना मुलांना सांगायची सवय आहे, म्हणून ते मलाच सांगत होते: या गावच्या पूर्वेला पडलेला थेंब मलप्रभेतून कृष्णेत आणि तिथून बंगालच्या उपसागरात जातो, तर गावाच्याच शिवारातला कळसा नाला म्हादईला मिळतो आणि म्हादई, म्हणजेच गोव्यातली मांडवी, पणजीजवळ अरबी समुद्रात. एकाच ढगातले शेजारचे दोन थेंब, आणि त्यांच्यात अख्खा देश आडवा येतो.

खरी गंमत पुढे रस्त्यावर दिसली. गाव मागे टाकल्यावर चढ संपतो तिथे आम्ही गाडी कडेला घेतली. रस्त्याच्या कडेच्या चरातून पाणी वाहत होते आणि ते आमच्या पाठीमागे, कणकुंबीकडे चालले होते. आम्ही छत्री घेऊन पुढे चालत गेलो. शंभर-दीडशे पावलांवर चराच्या तळाशी नुसती ओल होती, पाणी कुठल्याच बाजूला धड वाहत नव्हते. आणि त्याच्या पलीकडे चर पुन्हा भरला होता, पण पाणी आता आमच्या पुढे, घाटाकडे धावत होते. यजमानांनी झाडाची दोन पाने तोडली. एक अलीकडे सोडले, एक पलीकडे. दोन्ही पाने एकमेकांकडे पाठ करून निघून गेली. मी त्यांच्याकडे पाहिले तेव्हा चष्म्यावर पाणी होते आणि ते पुसत नव्हते. त्या जागेवर फलक नाही, कठडा नाही, कुणी थांबत नाही. आम्ही अर्धा तास होतो.

चोर्ला घाटाबद्दल फार लिहीत नाही, कारण आम्ही तो जवळजवळ पाहिलाच नाही. दहा पावलांपलीकडे धुके होते. सुर्ल्याच्या बाजूच्या कड्यांवरून वझर कोसळतात त्यांचा नुसता आवाज ऐकला. केरीला उतरलो तेव्हा अंजुणे धरणावर ढग उघडला आणि मागे वळून पाहिल्यावर डोंगराच्या भिंतीवर पांढऱ्या रेघा दिसल्या, मोजल्या तर अकरा. साखळीजवळ हरवळ्याला धबधब्याचे तुषार रुद्रेश्वराच्या देवळापर्यंत येत होते. तिथली जांभ्यात कोरलेली लेणी, ज्यांना लोक पांडवांची म्हणतात, पावसात पाहण्यासारखी आहेत, कारण ओला जांभा विटेसारखा लाल होतो. संध्याकाळी पणजीला मांडवीच्या काठी उभे राहिलो तर नदीचे पाणी त्याच रंगाचे होते. समुद्रात शिरल्यावरही तो लाल पट्टा बराच लांबपर्यंत वेगळा दिसत होता. आमचे पान तिथवर आले नसणार. पण ज्या मातीतून ते निघाले ती माती आली होती.

दुसऱ्या दिवशी पेडण्याहून सातार्ड्याच्या पुलावरून महाराष्ट्रात आलो. शिरोड्याची मिठागरे, जिथे 1930 साली मिठाचा सत्याग्रह झाला, ती सगळी पाण्याखाली होती आणि बगळे उभे होते. आरवलीला वेतोबाचे दर्शन घेतले. देव रात्री गावाभोवती फिरतो आणि त्याच्या चपला झिजतात, अशी श्रद्धा असल्याने भक्त त्याला भल्या मोठ्या चामडी चपला वाहतात. माझ्या हाताएवढ्या लांब चपलांचे जोड मांडलेले होते. इतक्या पावसात देवाच्याही चपला किती टिकणार, हा विचार माझ्या मनात आला आणि तो देव मला फार जवळचा वाटला.

वेंगुर्ल्यात आधी पैसे भरून ठरवलेल्या निवासात खोलीची भिंत ओलीचिंब, गादीला बुरशीचा वास आणि वीज गेलेली, असा प्रकार होता. पैसेही परत मिळाले नाहीत. पावसाळ्यात खोली पाहिल्याखेरीज पूर्ण रक्कम भरू नये, एवढाच त्यातून घ्यायचा धडा. मात्र त्यामुळे आम्ही एका वयस्कर जोडप्याच्या घरी, पडवीलगतच्या खोलीत, दोन रात्री राहिलो आणि तेच या प्रवासातले सर्वांत चांगले मुक्काम ठरले. दारात उभे राहिल्याबरोबर काकी म्हणाल्या, "पावस बघूक इल्यात? आमी तर रोज बघतंव." यांत्रिक मासेमारीला 1 जून ते 31 जुलै बंदी असते, त्यामुळे ताटात पापलेट-सुरमईची अपेक्षा धरू नये. त्यांनी खाडीतल्या तिसऱ्यांचे सुके केले, सुका बांगडा भाजला, टाकळ्याची भाजी, आठळ्या घातलेले वालाचे कालवण आणि सकाळी घावणे. किनाऱ्यावर होड्या वर ओढून त्यांच्यावर झापे घातले होते आणि समुद्र चुलीवरच्या भाताच्या पेजेसारखा उतू जात होता. पाण्यात पाय घालायचा प्रश्नच नव्हता. एक अख्खा दिवस आम्ही त्या पडवीत बसून काढला. मी वाती वळल्या, यजमानांनी काकांबरोबर पाऊस मोजला. काकांनी एका सरळ बाजूच्या डब्यावर पट्टी चिकटवली आहे आणि ते रोज सकाळी आठ वाजता आकडा वहीत लिहितात.

मग आंबोली. वेंगुर्ल्याच्या बंदरात उतरलेला माल इंग्रजी अमलात याच वाटेने बेळगावच्या लष्करी छावणीला जायचा. आपल्या शहराचा समुद्राशी संबंध या घाटाने जोडलेला आहे. दाणोलीपासून चढ लागतो. मुख्य धबधब्यावर त्या दिवशी बुधवार असूनही गर्दी होती, आम्ही थांबलो नाही. वर सुमारे 690 मीटरवर गाव आहे आणि वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. तिथून सत्तर किलोमीटरच्या आत बेळगाव, आणि आपल्याकडे साधारण तेराशे. समुद्रावरून आलेला वारा डोंगराला अडून वर चढतो, थंड होतो आणि बहुतेक पाणी तिथेच टाकून देतो. डोंगर ओलांडून आपल्याकडे येईपर्यंत त्याची झोळी रिकामी होत आलेली असते. ही गोष्ट मला लग्नानंतर किमान दहा वेळा सांगितली गेली होती, पण त्या दिवशी अंगावरच्या तीन कपड्यांतून आत आलेल्या पावसाने ती समजावली.

हिरण्यकेशीचा उगम एका गुहेत आहे. तिथल्या पाण्यात सोनेरी छटेचा एक लहान मासा सापडतो, गावकरी त्याला देवाचा मासा म्हणतात. 2020 साली ती जात जगाला नवी म्हणून नोंदली गेली, तिला हिरण्यकेशीचेच नाव मिळाले आणि पुढच्याच वर्षी त्या परिसराला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. पाणी बर्फासारखे गार आणि इतके स्वच्छ की तळातला खडा न खडा दिसत होता.

रात्री निवासामागच्या डबक्यावर तिथल्या मुलाने विजेरी धरून एक गोष्ट दाखवली. पाण्यावर झुकलेल्या फांदीच्या दोन पानांमध्ये साबणाच्या फेसाचा गोळा चिकटवल्यासारखे काहीतरी होते, मुठीएवढे, पिवळसर पांढरे. ते हिरव्या उडत्या बेडकाचे घरटे. मादी फेस फेटते आणि त्यात अंडी घालते. बाहेरून फेस वाळून कडक होतो, आत ओल राहते, आणि बेडूकमासे तयार झाले की फेस विरघळून ते खाली थेट पाण्यात पडतात. आम्ही पाहत असतानाच त्यातून एक थेंब सुटला आणि थेंबाला शेपटी होती. मी यजमानांचा हात धरला. आम्ही दोघेही काही बोललो नाही आणि पाऊस छत्रीवर वाजत राहिला.

पाचव्या दिवशी नागनवाडी, पाटणे फाटा, शिनोळी करत दुपारी घरी आलो. कुणाला काही विचारायचे असेल तर जरूर विचारा, जमेल तेवढे सांगेन.

खानापूर_रान

ताई, कणकुंबीच्या चराबद्दल वाचून मी स्तब्ध झालो. त्या रस्त्याने मी आठवड्यातून दोनदा जातो आणि मला ते कधी दिसले नाही. आपल्या वर्णनात एक भर घालतो. जांबोटीजवळ हब्बनहट्टीला मलप्रभेच्या पात्रातच स्वयंभू मारुतीचे देऊळ आहे आणि नदीला पाणी चढले की ते देऊळ बुडते. गावचे लोक पाऊस किती झाला हे त्यावरून सांगतात. जाणाऱ्यांनी वरूनच नमस्कार करावा. शिवाय खानापूर तालुक्यातील अनेक धबधब्यांवर वनखाते पावसाळ्यात प्रवेशबंदी घालते, म्हादईवरचा वज्रपोहा त्यांतलाच. फोटो पाहून कुणी तिकडे वळू नये. भीमगड अभयारण्याचा हा भाग आहे, वाट निसरडी आहे आणि जांबोटीनंतर फोनला रेंज मिळेलच याचा भरवसा नाही. पेट्रोल बेळगावातच भरावे.

नवा_संसार

आमचे लग्न याच मे महिन्यात झाले. दोघांनाही नोकरीतून फक्त शनिवार-रविवार मिळतो आणि आमच्याकडे दुचाकी आहे. हाच फेरा दोन दिवसांत होईल का? आणि जळवांचे काय करावे? पत्नीला त्यांची फार भीती वाटते.

मलप्रभाकाठ

नव्या संसाराला आशीर्वाद. दोन दिवसांत हा फेरा करू नका, आणि दुचाकीने या दिवसांत घाटात जाऊ नका. धुक्यात समोरच्या मालट्रकला दुचाकी दिसत नाही. आंबोलीची एस.टी. धरा, शुक्रवारी रात्रीच पोचलात तर उत्तम, आणि मुख्य धबधब्याकडे शनिवार-रविवार अजिबात जाऊ नका. त्या दोन दिवसांत तिथे वाहनांची रांग आणि कर्णे एवढेच असते. त्याऐवजी सकाळी लवकर हिरण्यकेशी आणि सायंकाळी कावळेसादचा कडा, तोही कठड्याच्या आतून. एरवी खोलीच्या पडवीत बसा. तुम्हा दोघांना बसायला मिळेल तेवढे बसून घ्या, पुढे मिळत नाही.

जळवांसाठी आमच्या यजमानांनी मोज्यांवर तंबाखूचे पान चोळले होते आणि मिठाची पुरचुंडी खिशात ठेवली होती. जळू लागली तर ओढून काढू नये, मीठ टाकले की ती आपोआप सुटते. रक्त थोडा वेळ वाहते, कारण ती चावताना रक्त न गोठू देणारे द्रव्य सोडते. घाबरण्याचे कारण नाही. जीन्स घालू नका, ती दोन दिवस वाळत नाही. बुटांत रात्री जुनी वर्तमानपत्रे कोंबून ठेवा.

सत्तरीकर

मी घाटाखालच्या गावात राहतो. लेख मनापासून आवडला, तरी एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे मला माझे कर्तव्य वाटते. जुलैत या घाटांत सहलीला येणे धोक्याचे आहे. आमच्या डोंगरांवर जांभा आणि त्याखाली चिकणमाती आहे. चार-पाच दिवस सतत पाऊस लागला की पाणी जांभ्याच्या भोकांतून खाली मुरते, चिकणमातीवर साचते आणि वरचा सगळा थर घसरायला तयार होतो. रस्त्यासाठी डोंगराचा पायथा जिथे उभा कापलेला असतो तिथे तो आधी सुटतो. 16 जुलै 2024 रोजी अंकोला तालुक्यात शिरूरला राष्ट्रीय महामार्गावर दरड कोसळली, माणसे आणि वाहने गंगावळी नदीपर्यंत वाहून गेली, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. त्या रस्त्यावरही लोक चहा प्यायला थांबलेच होते. आपण कणकुंबीला अर्धा तास थांबलात ती जागा सपाटीवरची होती म्हणून ठीक. घाटातल्या वळणावर, कापलेल्या डोंगराखाली, कुणीही पाच मिनिटेसुद्धा थांबू नये.

मलप्रभाकाठ

आपले म्हणणे मी पूर्णपणे मान्य करते आणि मूळ लेखात हे लिहायला हवे होते, ते राहून गेले. आम्ही निघण्याआधी तीन दिवस हवामान खात्याचा इशारा रोज पाहत होतो. लाल इशारा असता तर निघालो नसतो, आणि आंबोलीची चढण आम्ही तशी एक दिवस पुढे ढकललीच. वेंगुर्ल्यातला तो पडवीतला दिवस त्यामुळेच वाढला. घाट दोन्ही वेळा सकाळी नऊ ते दुपारी दोनच्या आत पार केला. पण सप्टेंबरचा सल्ला मात्र मी सरसकट देणार नाही. सप्टेंबरमध्ये सडे, म्हणजे डोंगरावरची खडकाळ पठारे, सोनकी-तेरड्याने फुलतात आणि डोंगर दिसतात. तो वेगळा प्रवास आहे. चरातले पाणी आणि बेडकाचे घरटे हवे असेल तर पावसातच जावे लागते, आणि मग सत्तरीकरांनी सांगितलेली शिस्त पाळलीच पाहिजे.

रूळमार्गी, लोंढा

ज्यांना गाडी चालवायची भीती वाटते त्यांच्यासाठी रेल्वे आहे. लोंढ्याहून कॅसलरॉक आणि तिथून कुळेपर्यंतचा लोहमार्ग 37 फुटांना एक फूट इतक्या चढाचा आहे, म्हणून वर येणाऱ्या गाडीला मागून ढकलणारी जादा इंजिने जोडतात. त्यामुळे गाडी सावकाश चालते आणि दूधसागर, जो सुमारे 310 मीटर उंचीवरून टप्प्याटप्प्यांनी पडतो, खिडकीतून नीट पाहता येतो. पावसाळ्यात पुलावरून जाताना डब्यात पाणी उडते. बेळगावकरांनी जाताना दुसऱ्या मार्गाने जावे आणि परतताना वास्कोहून दुपारी निघणारी गोवा एक्स्प्रेस घ्यावी, म्हणजे घाट उजेडात मिळतो. वेळ मात्र तिकीट काढताना तपासून घ्यावी. दूधसागरला उतरणे आणि रुळांवरून चालणे यांना मनाई आहे. रेल्वेत नोकरी केलेला माणूस म्हणून हात जोडून सांगतो, बोगद्यात माणसाला गाडीचा अंदाज येत नाही.

आणि ताई, हेही पाणी म्हादईच्याच खोऱ्यातले आहे. तुमच्या यजमानांना खिडकीची जागा द्या.

शिवारातला

मी वडगावच्या शिवारात भात करतो. आपल्या लेखात रोप लावणीच्या बायकांचा उल्लेख आला, याबद्दल आभार, कारण पाऊस पाहायला जाणाऱ्यांच्या लिहिण्यात त्या सहसा नसतात. चोर्ला रस्त्याने जाणाऱ्या गाड्या शेताच्या बांधावर चढवून उभ्या करतात आणि बांध फुटतो. एक बांध फुटला की वरच्या वाफ्यातले पाणी आणि त्याबरोबर शेणखत, खालच्या वाफ्यातून ओढ्याला जाते. चार दिवसांची मेहनत अशी अर्ध्या तासात वाहून जाते. गाडी डांबरावरच, कडेला, उजेडाचे दिवे लावून उभी करावी. बाटल्या आणि वेष्टने वाफ्यात टाकली की पुढच्या वर्षी नांगरताना ती आमच्या पायाला लागतात. पर्यटकांवर माझा राग नाही. थांबा, बोला, भाकरी खा. फक्त बांधावर चढू नका.

नवा_संसार

ताईंच्या सांगण्याप्रमाणे एस.टी.ने आंबोलीला जाऊन आलो. दोन्ही दिवस पाऊस थांबला नाही. पत्नीला तीन जळवा लागल्या आणि चौथीला तिने स्वतः मीठ टाकले. फेसाचे घरटे मिळाले नाही, पण चौकात चहा पिताना दुकानाच्या फळीवर एक लहान तपकिरी बेडूक बसलेला दिसला. दुकानदार म्हणाले, हा इथलाच. आंबोलीच्या नावाचा एक छोटा भेक 2009 साली नवी जात म्हणून नोंदला गेला, असे नंतर वाचले. आम्ही पाहिला तो तोच की दुसरा, ते ओळखण्याएवढे ज्ञान आम्हाला नाही.

हिरण्यकेशीकाठ, संकेश्वर

आपण आंबोलीला जे स्वच्छ पाणी पाहिले ते आजरा, गडहिंग्लज करत आमच्या संकेश्वरला येते. शंकरलिंगाच्या देवळाजवळून वाहते. इथे येईपर्यंत ते गढूळ झालेले असते, उसाच्या शेतांतून आलेले असते, आणि तरी श्रावणात आम्ही त्याच पाण्यात हिरण्यकेशी म्हणूनच हात घालतो. पुढे ते घटप्रभेला मिळते आणि गोकाकला 52 मीटर खाली उडी घेते. आपण चोर्ल्याच्या बाजूचे पाणी समुद्रापर्यंत पाहून आलात. आंबोलीच्या पाण्याला मात्र उगमापाशी सोडून थेट घरी गेलात. गोकाक आपल्यापासून दूर नाही. सरांना घेऊन एकदा याच.

मलप्रभाकाठ

आपला प्रतिसाद मी यजमानांना मोठ्याने वाचून दाखवला. ते उठले आणि त्यांनी भिंतीवरचा जिल्ह्याचा नकाशा काढून टेबलावर पसरला. गेल्या रविवारी आम्ही गेलो. आधी संकेश्वरला थांबून शंकरलिंगाचे दर्शन घेतले आणि नदीच्या पायऱ्यांवर बसलो. आपण म्हणता तसेच पाणी होते, चहाच्या रंगाचे, काठावर उसाची पाचटे अडकलेली. यजमानांनी त्यात हात घातला आणि म्हणाले, "गार नाही आता." आंबोलीच्या गुहेत त्यांनी हात घातला होता तेव्हा बोटे बधिर झाली होती.

गोकाकला दुपारी पोचलो. धबधब्याचा आवाज वाहनतळापासूनच छातीत बसतो. पूर्ण कडा पाण्याखाली होता, घोड्याच्या नालेसारखा वळलेला, आणि पाणी पांढरे नव्हते तर आपल्या काळ्या-तांबड्या मातीच्या रंगाचे होते. वर येणाऱ्या तुषारांनी समोरच्या माणसांचे कपडे ओले होत होते, त्या दिवशी गोकाकला पाऊस नसतानाही. आम्ही कठड्याजवळ उभे होतो. शेजारी एक आजोबा आपल्या नातवाला सांगत होते की हे पाणी कोकणाच्या डोंगरातून येते. नातवाने विचारले, कोकणात आज पाऊस आहे का. आजोबांना ते ठाऊक नव्हते. यजमानांनी खिशातून फोन काढला, वेंगुर्ल्याच्या काकांना लावला आणि आवाजात ओरडून विचारले, सकाळी आठचा आकडा किती. काकांनी सांगितला. यजमानांनी तो त्या मुलाला सांगितला : एकशे बारा मिलिमीटर.

येताना गोकाकच्या करदंट मिठाईच्या दोन डब्या घेतल्या. एक घरात आहे, दुसरी वेंगुर्ल्याला पाठवली.